मुलगा बोटीवर गेलाय, फोनवर बोलतो त्यातले निम्मे शब्द कळत नाहीत, कोणी मराठीत समजावेल का?

कोपरीची_आई

नमस्कार, मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते. धाकटा मुलगा दोन महिन्यांपूर्वी डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून बोटीवर चढला, बल्क कॅरिअर आहे, कोळसा-धान्य असा सुटा माल नेणारी. आमच्यात ना माहेरी ना सासरी आजवर कोणी समुद्रावर नोकरीला गेलेलं नाही, मिस्टर एसटीत होते, मोठा मुलगा वागळे इस्टेटला कंपनीत, समुद्राशी आमचा संबंध म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच, तेवढाच. आता हा आठवड्यातून दोनदा-तीनदा फोन करतो, नेट नीट नसलं तर व्हॉइस नोट टाकतो, मी ती दोनदोनदा ऐकते तरी अर्धं डोक्यावरून जातं. विचारलं की म्हणतो, आई ते सोड, तू जेवलीस का.

दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर मी कानाला ऐकू आले तसे शब्द लिहून ठेवलेत. फोक्सल, आफ्ट, पोर्ट, स्टारबोर्ड, बोसन, ड्राफ्ट, बॅलास्ट, तेरा नॉट, बंकर, पाच शॅकल, लेकॅन, आणि "मी बारा-चारला आहे". बारा-चार म्हणजे मला वाटलं केबिनचा नंबर.

पण खरं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात कोळसा उतरवायला बोट धक्क्याला लागली तेव्हा त्याने सहज सांगितलं की काल बर्थिंगला स्प्रिंग पार्ट झाली, पण सगळे ठीक आहेत. मला वाटलं कुठल्या मशिनची स्प्रिंग असेल, मी म्हटलं मग नवीन बसवा की. तो गप्प झाला. एकवीस वर्षं त्याला बघतेय, त्याचं गप्प बसणं मला कळतं. मग त्याने विषय बदलला, आणि मी पण बदलला, आणि रात्रभर मला झोप लागली नाही. नेटवर शोधलं तर सगळं इंग्रजीत, एका शब्दाचा अर्थ लावायला अजून चार शब्द शोधावे लागतात. इथे नवी मुंबईकडचे बरेच लोक बोटीवरचे आहेत असं ऐकलंय. कोणी सांगेल का, प्लीज. त्याच्याशी नीट बोलता आलं पाहिजे मला.

सारंग_करावे

ताई नमस्कार. मी ओएस, म्हणजे सगळ्यात खालचा खलाशी, म्हणून चढलो आणि बोसन म्हणून रिटायर झालो, मधे एकतीस वर्षं गेली. नेरूळला करावे गावात राहतो, टी. एस. चाणक्य आमच्या शेजारीच, रोज सकाळी कॅडेट पोरं दिसतात, म्हणून तुमचं वाचून जेवण बाजूला ठेवून लिहायला बसलो.

आधी स्प्रिंगचं सांगतो कारण तुमचा जीव तिथे अडकलाय. ती मशिनची स्प्रिंग नव्हे, तो दोर आहे. बोट धक्क्याला लागली की तिला मनगटाएवढ्या जाड दोरांनी बांधतात, त्याला मूरिंग म्हणतात. पुढच्या टोकावरून आणखी पुढे जातात त्या हेडलाइन, मागच्या टोकावरून मागे जातात त्या स्टर्नलाइन, आणि बोटीच्या अंगालगत उलट दिशेने जाते ती स्प्रिंग, म्हणजे पुढून निघून मागच्या खुंट्याला किंवा मागून निघून पुढच्या खुंट्याला. पुढची स्प्रिंग बोटीला पुढे सरकू देत नाही, मागची स्प्रिंग मागे जाऊ देत नाही. बैलाला दोन बाजूंनी दावं लावलं की तो जागचा हलत नाही, अगदी तसं. आता बोट पन्नास-साठ हजार टनाची, ती जरा सरकली तरी सगळा भार त्या एका दोरावर येतो, दोर ताणत जातो, आधी करकरतो, आणि मग तुटतो. त्यालाच आम्ही पार्ट झाली म्हणतो.

तुटताना काय होतं ते सांगतो, लपवत नाही, कारण तुमच्या पोराने ते बघितलंय. ताणलेला रबर सोडल्यावर जसा उलट येतो तसा तो दोर सटकन मागे येतो, त्याला स्नॅपबॅक म्हणतात, आणि त्याच्या वाटेत माणूस असेल तर माणूस वाचत नाही. मी एकदा जवळून बघितलंय. आवाज बंदुकीसारखा आला, दोराचं टोक विंचच्या, म्हणजे दोर ओढायच्या यंत्राच्या, बाजूच्या रेलिंगवर बसलं आणि लोखंडी पाइप कोपरातून दुमडल्यासारखा वाकला. अर्ध्या मिनिटापूर्वी आमचा एक एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, तिथे टेकून उभा होता, मी त्याला हीव्हिंग लाइन, म्हणजे धक्क्यावर फेकायची बारीक दोरी, गुंडाळायला पलीकडे पाठवला होता. पूर्वी डेकवर पिवळ्या रंगाने धोक्याचा पट्टा आखायचे, की या पट्ट्यात उभं राहू नका, पण दोर कुठल्या खुंट्यावरून वळून कुठे जाईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून आता शिकवतात की अख्खं मूरिंग डेक धोक्याचं समजा. तर तुमचा मुलगा गप्प झाला तो म्हणून. पहिल्यांदा बघितलं की दोन दिवस कानात तो आवाज राहतो. त्याला पुढच्या वेळी "काळजी घे" म्हणू नका, ते सगळ्या आया म्हणतात आणि पोरं हो हो करतात. त्याला विचारा, "बाइटमध्ये उभा नव्हतास ना?" बाइट म्हणजे दोराने घेतलेलं वळण, त्या वळणाच्या आतल्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही आणि जमिनीवर पडलेल्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही. हा एक प्रश्न विचारलात की त्याला कळेल तुम्हाला समजलंय, मग तो आपणहून बोलेल.

आता बाकीचे शब्द. बोट डोळ्यासमोर आणा, तुम्ही तिच्या मधोमध पुढे तोंड करून उभ्या आहात. पुढचं निमुळतं टोक, जिथे नांगर आणि पुढचे विंच असतात, ते फोक्सल. मागची बाजू आफ्ट. डावा हात पोर्ट, उजवा हात स्टारबोर्ड. डावा-उजवा का म्हणत नाहीत, तर माणूस मागे वळला की त्याचा डावा बदलतो, बोटीचा पोर्ट बदलत नाही, अंधारात ओरडून हुकूम द्यायचा तर गोंधळ नको. पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा, विमानाच्या पंखांवरही तेच दिवे असतात, गच्चीवरून रात्री बघा. जुन्या काळी सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला बांधलेलं असायचं म्हणून ती सुकाणूची बाजू झाली, स्टारबोर्ड. डाव्या बाजूला आधी लारबोर्ड म्हणायचे, पण वाऱ्यात दोन्ही सारखेच ऐकू यायचे, शेवटी ब्रिटिश नौदलाने १८४४ साली लारबोर्ड बंद करून पोर्ट ठरवलं.

शॅकल म्हणजे नांगराच्या साखळीचं माप. एक शॅकल साडेसत्तावीस मीटर, पाच शॅकल म्हणजे एकशे सदतीस मीटरच्या वर साखळी पाण्यात सोडली. लोकांना वाटतं नांगर तळाला रुततो आणि बोट धरून ठेवतो, खरं तर तळावर आडवी पडलेली साखळी तिच्या वजनाने बोट धरते, नांगर त्या साखळीला धरतो. म्हणून खोली जास्त किंवा वारा जास्त तेवढी साखळी जास्त. साखळी पुरेशी नसली की नांगर तळावरून घसटत निघतो, त्याला ड्रॅगिंग म्हणतात, रात्री दोन वाजता ते झालं तर सगळ्यांना उठवतात.

ड्राफ्ट म्हणजे बोट पाण्यात किती बुडालीय ते, मीटरमध्ये. बाहेरून अंगावर आकडे रंगवलेले असतात. मधोमध एक गोल आणि त्यातून आडवी रेघ दिसेल, ती प्लिमसॉल लाइन. इंग्लंडात मालक लोक जुन्या बोटी वाटेल तितक्या भरून पाठवायचे, माणसं बुडायची, सॅम्युअल प्लिमसॉल नावाचा खासदार त्याच्यासाठी भांडला आणि १८७६ च्या कायद्याने ती खूण सक्तीची झाली. त्या रेघेच्या वर पाणी गेलं तर बोट सोडत नाहीत. शेजारी अजून बारीक रेघा असतात, उन्हाळा, हिवाळा, गोडं पाणी अशा, कारण गोड्या पाण्यात बोट थोडी जास्त बुडते. आमच्या पिढीतला प्रत्येक खलाशी त्या माणसाचं नाव घेतो.

बॅलास्ट म्हणजे रिकाम्या बोटीत वजनासाठी घेतलेलं समुद्राचं पाणी. कोळसा उतरवला की बोट हलकी होऊन वर येते, पंखा पाण्याबाहेर यायला लागतो, लाटेवर लोळते, म्हणून टाक्यांमध्ये पाणी भरतात. "बॅलास्टवर निघालोय" म्हणजे रिकामे निघालोय.

बारा-चार केबिन नव्हे हो ताई, वॉच आहे. चोवीस तासाचे चार-चार तासांचे तुकडे, बारा ते चार ड्यूटी, मग आठ तास सुट्टी, परत बारा ते चार. दुपारी पण आणि रात्री पण. बारा-चार सेकंड ऑफिसरचा वॉच असतो, आठ-बारा थर्डचा, चार-आठ चीफ ऑफिसरचा. म्हणजे तुमचा मुलगा पहाटे चारला झोपतो. त्याच्या घड्याळाप्रमाणे सकाळी फोन करू नका, झोपू द्या.

बोसन म्हणजे मी. डेकवरच्या खलाशांचा मुकादम. कॅडेटला काम शिकवणारा पहिला माणूस तोच असतो.

कळवा_वेस्ट

नॉट सोपं आहे, ताशी मैल. १३ नॉट म्हणजे साधारण २१ किमी.

ऐरोली_चारसाब

वरच्या दादांचं जरा दुरुस्त करतो, तो रस्त्यावरचा मैल नाही. सागरी मैल १८५२ मीटरचा असतो, म्हणजे १३ नॉट म्हणजे ताशी २४ किमी. हा मैल पृथ्वीवरून मोजलाय, अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल. आपलं ठाणं साधारण १९.२ अंशावर आहे, म्हणजे विषुववृत्तापासून अकराशे पन्नासच्या आसपास मैल, नुसता नकाशा बघून तोंडी हिशोब होतो, म्हणून आजही हाच मैल वापरतात. आणि नॉट म्हणजे खरोखरची गाठ. पूर्वी दोराला ठरावीक अंतरावर, साधारण १४.४ मीटरला एक, अशा गाठी मारायचे, टोकाला लाकडाची फळी बांधून मागे पाण्यात सोडायचे, २८ सेकंदाची वाळूची घटी उलटी करायची आणि तेवढ्या वेळात हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं. तेरा गाठी तर तेरा नॉट. त्यामुळे "तासाला तेरा नॉट" असं कोणी म्हणत नाही, नॉटमध्येच तास आला. काकू, दिवसाचा हिशोब करायचा तर तेरा नॉटने चोवीस तासात ३१२ मैल, म्हणजे पावणेसहाशे किमीच्या आसपास, ठाण्याहून गोव्याला जेवढं अंतर तेवढं बोट एका दिवसात कापते, रात्रंदिवस न थांबता.

मी इंजिनकडचा, फोर्थ इंजिनिअर, हिंदी-मराठी क्रूमध्ये चार साब म्हणतात. थर्ड तो तीन साब, सेकंड तो दूसरा साब, चीफ इंजिनिअर बडा साब. बंकर म्हणजे आमचं तेल. पूर्वी बोटी कोळशावर चालायच्या, कोळशाच्या कोठीला बंकर म्हणायचे, कोठी गेली तरी नाव राहिलं, आता तेल भरण्याला बंकरिंग म्हणतात आणि त्या दिवशी सगळे सावध असतात कारण एक थेंब समुद्रात गेला तरी मोठं प्रकरण होतं.

अजून एक शब्द ऐकाल, स्टँडबाय. बोट बंदरात शिरताना किंवा निघताना सगळे आपापल्या जागेवर उभे, त्याला स्टँडबाय. पायलट चढतो, म्हणजे त्या बंदराचा वाटाड्या, विमानाचा नव्हे. तो चालू बोटीच्या अंगावरून दोरशिडीने चढतो. कधी कधी सहा-सात तास स्टँडबाय चालतं, फोन खिशात पण ठेवत नाहीत. तर तो "स्टँडबाय आहे" म्हणून गेला आणि रात्रभर मेसेज आला नाही तर घाबरू नका. बोट नीट बांधली गेली की ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवायच्या वरच्या खोलीतून, खाली इंजिनला निरोप येतो, फिनिश्ड विथ इंजिन्स. तो ऐकला की आम्ही सगळे चहा मागवतो.

दिवाळे_कोळीवाडा

सारंग काकांनी नाव सारंग ठेवलंय पण तो शब्द समजावला नाय म्हणून मी लिहितो. काकू, या इंग्रजी बोटींवर आपले लोक दोनशे वर्षांच्या वर काम करतायत आणि आपलेच शब्द त्यांच्याकडे गेलेत. बोसनला जुन्या बोटींवर सारंगच म्हणायचे, त्याच्या हाताखालचा तो टंडेल, सुकाणू धरणारा तो सुकाणी, स्टोअर सांभाळणारा कसाब, जेवण करणारा भंडारी. इंग्रजांच्या कागदपत्रांत हेच शब्द त्यांच्या स्पेलिंगने लिहिलेले सापडतात. आमच्या दिवाळ्यात आजही होडीचा मालक तो नाखवा आणि होडी चालवणारा तो तांडेल. माझा आजा तांडेल होता, एंजिन नसलेल्या शिडाच्या होडीवर, खाडीतून बाहेर जायचा आणि घड्याळ कधी लावलं नाय त्याने.

भरतीची वेळ कशी काढायचा ते सांगतो, तुमच्या मुलाला सांगा, त्याच्या ऑफिसरला पण आवडेल. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. पुनवेला, अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आधी पाणी टम्म भरलेलं. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो पण होडी काढायला तेवढं पुरतं. हे आपल्या मुंबईच्या किनाऱ्याचं गणित आहे, दुसऱ्या देशात चालायचं नाय. पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, तेव्हा ओहोटीही खोल जाते, आणि अष्टमीच्या आसपास पाणी ना धड चढत ना धड उतरत तो भांग. कोपरीवरून तुम्हाला ठाण्याची खाडी जवळ आहे, पुनवेला आणि अष्टमीला ओहोटीच्या वेळी एकदा बघून या, चिखल किती उघडा पडतो त्यावरून फरक लगेच कळेल.

मुलगा म्हणेल स्प्रिंग टाइड आणि नीप टाइड. स्प्रिंग टाइड म्हणजे आपलं उधाण, नीप म्हणजे भांग. ही स्प्रिंग आणि ती दोराची स्प्रिंग वेगळी, गोंधळ होऊ देऊ नका. मोठी बोट जास्त ड्राफ्टची असेल तर ती उधाणाची वाट बघत बाहेर उभी राहते. म्हणजे तुमचा मुलगा "टाइडसाठी थांबलोय" म्हणाला तर तो पाणी चढायची वाट बघतोय, आमच्या आज्यासारखीच.

आणि एक, रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, दिवसा समुद्राकडून येतो तो खारा वारा. शिडाची होडी पहाटे मतलईवर बाहेर जायची आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायची. शाळेच्या भूगोलात हे शब्द होते, पोरं पाठ करतात आणि विसरतात, आमच्या घरात त्याच्यावर पोट होतं.

डॉक्युमेंटेशन_बेलापूर

काकू, मी बेलापूरला एका शिपिंग ऑफिसात डॉक्युमेंटेशनला आहे, आठ वर्षं झाली, बोटीवर एकदाही पाय ठेवलेला नाही पण दिवसभर बोटींचंच बोलते. तुमच्या यादीतला लेकॅन राहिला, तो आमच्याकडचा शब्द आहे.

बल्क बोट भाड्याने घेतात तेव्हा करारात लिहितात की बोट अमुक तारखेच्या आधी आली तर आम्ही माल भरायला बांधील नाही, आणि तमुक तारखेच्या नंतर आली तर आम्ही करार मोडू शकतो. या दोन तारखांमधल्या मुदतीला लेकॅन म्हणतात. आता कोळसा उतरवून बोट रिकामी निघालीय म्हणजे पुढचा माल भरायला चाललीय, लेकॅनच्या आत पोहोचली नाही तर भाडं हातचं जाऊ शकतं, म्हणून सगळ्यांची घाई. पोहोचली की कॅप्टन नोटीस ऑफ रेडिनेस देतो, की आम्ही तयार आहोत. तिथून पुढे लेटाइमचं घड्याळ सुरू होतं, म्हणजे माल भरायला-उतरवायला ठरवून दिलेला वेळ. त्याच्या वर वेळ गेला तर भाडेकरू बोटमालकाला दंड देतो, तो डिमरेज. बोट अँकरेजला, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून, पाच दिवस नुसती उभी दिसते तेव्हा किनाऱ्यावर आमच्यासारखे लोक त्या पाच दिवसांच्या तासातासाचा हिशोब घालत असतात, पाऊस कधी पडला, किती वाजता काम थांबलं, सगळं.

डिमरेज हा शब्द आपल्या न्हावा शेवाला मात्र वेगळ्या अर्थाने ऐकाल. तिथे कंटेनर ठरलेल्या फुकट दिवसांपेक्षा जास्त आत पडून राहिला की डिमरेज लागतं, आणि कंटेनर बाहेर नेऊन रिकामा वेळेत परत केला नाही की डिटेन्शन. एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थाने, नवीन मुलं इथेच फसतात.

मी पण फसलेय, पण दुसऱ्या शब्दावर. पहिल्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाला बोटीचा ईटीए कळवला, मंगळवार सकाळ. ईटीए म्हणजे बोट बंदराबाहेर येण्याची अंदाजे वेळ. मी लिहायला हवा होता ईटीबी, म्हणजे धक्क्याला लागायची वेळ, तो गुरुवार होता. त्यांनी मंगळवारी अकरा ट्रेलर पाठवले, दोन रात्री ते उरण रोडला उभे राहिले. एका ड्रायव्हरचा मला फोन आला, शिव्या दिल्या नाहीत, फक्त म्हणाला मॅडम घरी मुलगी आजारी आहे, बोट नक्की कधी लागेल तेवढं सांगा. त्या दिवसापासून मी मेलमध्ये ईटीए लिहिलं की खाली ईटीबी वेगळ्या ओळीत लिहिते, आणि नवीन मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवते. म्हणून काकू, तुम्ही विचारताय ते फार बरं करताय. मुलगा म्हणाला "दोन तारखेला पोहोचतोय" तर विचारा, अँकरेजला की बर्थला, म्हणजे धक्क्याला? मधे चार दिवस जाऊ शकतात आणि तुम्ही उगाच फोनची वाट बघत बसाल.

कोपरीची_आई

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. मी सगळं दोनदा वाचलं, वहीत नवीन पान केलं, डाव्या बाजूला त्याचा शब्द आणि उजवीकडे तुमचा अर्थ. मिस्टरांनी पण वाचलं, त्यांना वॉचचं लगेच कळलं, म्हणाले ही तर आमची रातराणीची ड्यूटी.

काल रात्री फोन आला. अँकरेजला पोहोचलेत, मी लगेच विचारलं बर्थ कधी, तर म्हणाला अजून चार-पाच दिवस तरी नाही. मग मी हिंमत करून विचारलं, त्या दिवशी स्प्रिंग तुटली तेव्हा तू बाइटमध्ये उभा नव्हतास ना. तो एकदम थांबला, म्हणाला, आई हे तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं आहेत माझे लोक. आणि सारंगदादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, तो बोलायला लागला. तो आफ्टला होता, सेकंड ऑफिसरबरोबर, बोट मागे सरकली आणि दोर करकरायला लागला तेव्हा सेकंड ऑफिसरने नुसता त्याच्या बॉयलरसूटची कॉलर धरून त्याला विंचच्या मागे ओढलं, आणि मग आवाज आला. म्हणाला, आई, त्या माणसाने माझ्याकडे बघितलं पण नाही, त्याची नजर दोरावरच होती, मला ओढलं आणि लगेच वॉकीवर ब्रिजला सांगितलं. पंचवीस मिनिटं आम्ही बोललो. त्याला हे कोणाला तरी सांगायचं होतं हो, माझ्याजवळ शब्द नव्हते म्हणून अडलं होतं. त्या सेकंड ऑफिसरच्या आईला देव सुखात ठेवो.

पाऊणपटीचं पण सांगितलं, तो लिहून घेतोय म्हणाला.

आता एकच विचारते. तिथे धान्य भरायचंय म्हणून कोळशाचे होल्ड धुतायत, हा पण खाली उतरतो. म्हणाला, उतरायच्या आधी "एनक्लोज्ड स्पेस परमिट" घेतात, मीटर लावतात. हे कसलं परमिट? त्याचा आवाज साधा होता पण मला आता प्रत्येक शब्दाला विचारावंसं वाटतं.

सारंग_करावे

ताई, योग्य शब्दाला थांबलात. होल्ड म्हणजे माल भरायची विहीर, पाच-सहा मजली इमारतीएवढी खोल. धान्य भरायचं तर कोळशाचा कणही राहता कामा नये, आधी झाडायचं, मग समुद्राच्या पाण्याने जोरात धुवायचं, शेवटी गोड्या पाण्याने, खालच्या बिल्जच्या, म्हणजे पाणी साचायच्या, खड्ड्यातली घाण हाताने काढायची. सर्व्हेअरने नापास केलं की सगळं परत. कमरेचं काम आहे, पण त्याने कोणी मरत नाही.

धोका हवेचा आहे. कोळसा आजूबाजूच्या हवेतला ऑक्सिजन खातो, लोखंडाला गंज चढतो तोही ऑक्सिजन खातो. होल्डचं झाकण उघडं असलं तरी उतरायची शिडी बऱ्याच बोटींवर बंद कप्प्यातून जाते, त्या कप्प्यात जुनी हवा कोंडून राहते. दिसत नाही, वास येत नाही, माणूस दोन श्वास घेतो आणि खाली पडतो. मग त्याला पडलेला बघून दुसरा धावत उतरतो आणि तोही पडतो, अशी एकामागून एक दोन-दोन, तीन-तीन माणसं गेलेली आहेत. म्हणून परमिट, म्हणजे आधी वारं खेळवलं, मीटरने हवा मोजली, वर दाराशी एक माणूस वॉकी घेऊन उभा केला, हे सगळं लिहून सही झाल्याशिवाय उतरायचं नाही. बॅलास्टच्या टाक्या, साखळीची कोठी, सगळीकडे हाच नियम.

त्याला दोन गोष्टी सांगा. एक, आतमध्ये कोणी पडलेलं दिसलं तरी एकट्याने उतरायचं नाही, आधी अलार्म, मग श्वासाचा सिलिंडर लावलेली टीम. जवळचा मित्र असला तरी. हे आईने सांगितलेलं तो जास्त लक्षात ठेवेल. दुसरं, उतरण्याआधी मीटरचा आकडा दुसऱ्याने वाचून सांगितला तर त्यावर जाऊ नकोस, स्वतःच्या डोळ्याने बघ. ऑक्सिजन २०.९ दाखवला पाहिजे. वीस पण नाही, साडेवीस पण नाही.

कोपरीची_आई

२०.९. लिहून घेतलं. उद्या दुपारी त्याचा वॉच संपला की पहिला प्रश्न हाच.